डावीकडचा फोटो

गुरुवारी सकाळी पुजानं पेपर झटकला तसा त्यातून एक गुळगुळीत रंगीत कागद सुटला आणि घसरत भाकरीच्या परातीपाशी येऊन पडला. असले कागद रोजच पडत. साड्यांचा सेल, इंग्रजी शाळा, मूळव्याधीवर खात्रीचा इलाज. जिवनबाई ते गोळा करून डब्यांच्या फळीवर अंथरायची. तिला अक्षर येत नव्हतं, त्यामुळं कागद हातात आला की आधी चित्र बघायची सवय. तिनं बघितलं आणि थापायला घेतलेली भाकरी तशीच राहिली. कागदावर दोन पोटं होती. बायांची, उघडी, छातीखालून मांड्यांपर्यंत, वर मुंडकं नाही की खाली पाय नाहीत. डावीकडचं सुटलेलं, उजवीकडचं सपाट. डावीकडच्या पोटावर बेंबीशेजारी चिंचोक्याएवढं जन्माचं काळं लासं होतं आणि खाली पोट फाडून बाळंतपण केल्याची आडवी शिवण, एका टोकाला वर उचललेली. ते टोक पहिल्या खेपेला पिकलं होतं. जिवनबाईनं पंधरा दिवस रोज पुसून त्याच्यावर पट्टी बांधली होती. दोन बाळंतपणांत ह्या पोटाला तिनं तेल चोळलं होतं, धोतराचा पट्टा आवळून बांधला होता. डोळे फसतील एक वेळ, पण हात कसे फसतील? हे पोट मिनाचं होतं. तिच्या सुनेचं, पुजाच्या आईचं. मिनाला जाऊन पाच वर्षं झाली होती.

ती पुजाला म्हणाली, वाच काय लिवलंय ते. पुजा बारा वर्षांची, शाळेत धडा म्हणतात तशी खणखणीत वाचायची. तिनं वाचलं की पोटाची चरबी आता मशीननं काढा, चिरफाड नाही, दुखणं नाही, दोन दिवसांत कामावर हजर. औरंगाबादचे नामांकित डॉक्टर येत्या रविवारी सकाळी दहा वाजता हिंगोलीत येत आहेत, बायांची तपासणी मोफत. मग डावीकडच्या चित्राखाली बोट ठेवून ‘आधी’ वाचलं आणि उजवीकडच्या चित्राखाली ‘नंतर’. वाचून लाजली, हसली, म्हणाली, दादी, ह्या बाईला असला फोटो काढून द्यायला लाज कशी वाटली नसंल? आपल्या आईच्या पोटावर बोट ठेवून पोरगी हसत होती. जिवनबाईच्या मस्तकात अशी तिडीक गेली की समोरचा तवा उचलून कुणाच्या तरी डोक्यात घालावा, पण घालायचा कुणाच्या? समोर तर हे लेकरूच होतं. तिनं कागद ओढून घेतला, घडी घालून चोळीत खोवला आणि शाळेला उशीर होतोय म्हणून पुजावरच खेकसली. पोरगी धाकट्या योगेशला घेऊन मुकाट निघून गेली. पुजाचा बाप प्रेमदास तर सातलाच गेला होता. तो सेनगावला तहसीलीत कारकून, रोज हिंगोलीहून जीपनं जाऊन येऊन करायचा. त्यानं आजचा पेपर उघडलाच नव्हता.

घर रिकामं झाल्यावर तिनं कागद पुन्हा काढला. उजवीकडचं पोट मिनाचं नव्हतं. लासं नाही, शिवण नाही, बेंबीची ठेवणसुद्धा निराळी. कोणा तिसऱ्याच बाईचं पोट आणून मिनाच्या शेजारी चिकटवलं होतं. चिकटवणारच. मिनाचं ‘नंतर’ त्या भाडखाऊकडं होतं कुठं? ते जिवनबाईपाशी होतं. नंतर निळे पडलेले ओठ होते, डोळ्यांच्या पांढऱ्यात रक्ताचे ठिपके होते, नंतर तांड्यामागच्या माळावर रचलेली लाकडं होती. छाप म्हणावं ते. पण रागानं धापा टाकता टाकताच तिच्या मनात दुसरी गोष्ट उलगडत चालली आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. मिनाचा असा फोटो डॉक्टरकडं गेला म्हणजे मिना त्या डॉक्टरकडं गेली होती. औरंगाबादला. होळीच्या आधी. लग्नाला म्हणून गेले होते नवराबायको. लग्न! आणि जिवनबाईनं भोळीसारखं विचारलं होतं, नवरी कशी होती? प्रेमदासनं उत्तरही दिलं होतं, चांगली होती म्हणाला होता.

तेव्हा जिवनबाई तांड्यावरच राहायची, गोरेगावच्या अलीकडं. होळीचा सण बंजाऱ्यांचा मोठा, त्यात त्या साली योगेशचं धुंड होतं. वर्षाच्या आतल्या पोराचं धुंड होळीलाच करतात, तांडा दारात येऊन काठ्या वाजवत गाणी म्हणतो, पोराला आशीर्वाद देतो. म्हणून नवराबायको होळीच्या दुपारी कशीबशी जीप गाठून आले. मिना उतरली ती जीपच्या दाराला धरून. कंबरेला जाडजूड पट्टा होता. पाठ धरलीय, डॉक्टरनं पट्टा दिलाय, असं प्रेमदासच बोलला, मिनाला कोणी काही विचारायच्या आत. रात्रभर ती कुशीवर वळली नाही. दुसऱ्या दिवशी धुंडाच्या गर्दीत बसली तर नुसतं बसून तिला धाप लागत होती. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. जिवनबाईनं तिच्या गळ्यावरचा पदर सारला आणि बघितलं तर बारीक बारीक लाल ठिपके, गळ्यावर, छातीवर, काखेत, डोळ्यांत सुद्धा. त्या महिन्यात तांड्यावर सात लेकरांना गोवर निघाला होता. मग काय समजायचं होतं एका म्हातारीनं? ती समजली की सितळादेवी घरात आली. मोठ्या माणसाला येते तेव्हा जड येते, एवढंच तिच्या मनात आलं.

आणि हे काम तर तिचंच होतं. कुणाच्या लेकराला गोवर निघो, कांजण्या निघोत, बोलावणं जिवनबाईला. ती जायची, दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधायची, घरातली फोडणी बंद करायची, चपला अंगणात काढायला लावायची, लेकराच्या अंगावरून पाला फिरवत रात्र रात्र बसायची. औषध नाही, सुई नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, सितळेला ते खपत नाही. तीस वर्षांत तिच्या हाताखालचं एक लेकरू दगावलं नव्हतं. त्या दिवशी तिनं आपल्या सुनेसाठी तेच केलं, इतर कुणाच्या लेकरापेक्षा जास्त जीव लावून केलं. प्रेमदास दारात उभा राहून बघत होता. शिकलेला पोरगा, एरवी ह्या सगळ्याला हसायचा, त्या दिवशी हसला नाही. उलट स्वतः झाडावर चढून डहाळे तोडून दिले. केवढा आनंद झाला होता तिला, पोरगा आपल्या माणसांत परत आला म्हणून. आता स्वयंपाकघरात बसून तिला तो आनंद आठवला आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मिना संध्याकाळी बरळायला लागली. नळी काढा, नळी काढा, असं म्हणायची आणि पोटावर हात आपटायची. जिवनबाईनं विचारलं, ही कोणती नळी म्हणती रे? प्रेमदास म्हणाला, ताप चढलाय, काहीबाही बोलून राहिली. त्याला ठाऊक होतं कोणती नळी. दीड दिवस त्याला ठाऊक होतं.

आणि बुधवारची पहाट. त्या पहाटेपाशी आली की जिवनबाई नेहमी उठून काहीतरी कामाला लागायची, भांडी घासायची, धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. आज उठली नाही. पहाटे मिना शुद्धीवर आली होती. पलीकडच्या खोलीत सोबतीला आलेल्या बाया पेंगत होत्या, प्रेमदास बाहेर पडवीत. मिनानं तिचा हात धरला आणि अगदी नीट, एकेक शब्द श्वास घेऊन म्हणाली, याडी, मला दवाखान्यात न्या, हे तसलं न्हाई. बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात, आणि मिना सासूला आईच म्हणायची. हे तसलं न्हाई, हे... ती पुढं बोलणार होती आणि जिवनबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. देवी घरात असताना तिला नाकारायचं नसतं, ऐकते ती. गप, बाई, असं बोलू न्हाई, म्हणाली आणि हात तसाच दाबून धरला. मिनाच्या नाकातली गरम हवा तळहाताच्या कडेला लागत होती. मग मिना गप्प झाली. नंतर ती बोललीच नाही. दुपारी तिचे ओठ निळे दिसले तेव्हा प्रेमदास ओरडत जीप आणायला पळाला. गोरेगाव, सेनगाव, हिंगोली, सगळा रस्ता खड्ड्यांचा, आणि दिवस मावळायच्या आत दवाखान्यात खेळ संपला. ही पहाट जिवनबाईनं कुणालाही सांगितली नव्हती.

सांगायची गरजच पडली नाही, कारण दोष आधीच तिच्या पदरात पडला होता. मिनाचा भाऊ नेमसिंग पुसेगावकडच्या तांड्यावरून आला, दाराला सुकत चाललेला पाला बघितला आणि सगळ्या माणसांत तिला म्हणाला, म्हातारे, तुझ्या लिंबानं माझी बहीण खाल्ली. प्रेमदास तिथंच उभा होता. खाली बघत होता. दुःखानं बोलत नाही, असं तिला वाटलं आणि त्या स्थितीतही तिला त्याचीच कीव आली. पुढं नेमसिंग कधी ह्या घराची पायरी चढला नाही. तांड्यावर तिला लेकरांसाठी कोणी बोलावलं नाही, पाणवठ्यावर बाया बोलता बोलता थांबायच्या. सितळेच्या पूजेला तिनं स्वतःहूनच जाणं सोडलं. कुठल्या तोंडानं जायचं? मग लेकरं सांभाळायला म्हणून हिंगोलीला ह्या दोन खोल्यांत येऊन राहिली, आणि पाच वर्षं रोज रात्री डोळा लागायच्या आधी स्वतःला सांगत राहिली की तूच मारलंस. आणि भिंतीपलीकडं तिचा पोरगा झोपत होता, ज्याला सगळं ठाऊक होतं. रोज तिच्या हातची भाकर खात होता. मीठ कमी पडलं तर सांगत होता, तेवढं बराबर सांगत होता.

प्रेमदास सहाला आला. तिनं पाणी दिलं नाही. कागद त्याच्या मांडीवर टाकला. त्यानं बघितलं मात्र, त्याचा चेहरा असा उतरला की तिला काही विचारायची गरज उरली नाही, तरी तिनं विचारलं. काहून सांगितलं न्हाईस? एवढंच विचारत राहिली, आवाज चढत चढत शेजारणी खिडकीशी आल्या तरी विचारत राहिली. तो आधी म्हणाला, हे कुठून आलं. मग म्हणाला, मिनाचाच हट्ट होता. साहेबांच्या घरी हळदीकुंकवाला कोणीतरी तिला विचारलं होतं, वहिनी, कितवा महिना? योगेश तेव्हा आठ महिन्यांचा. घरी येऊन तिनं रडत सांगितलं आणि प्रेमदास हसला होता. चार दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती, मग एक दिवस पेपरातली जाहिरात कापून पुढं ठेवली. डॉक्टरनं दोन दिवसांत चालाल-फिराल सांगितलं, मशीनची नळी घालून चरबी ओढली, दुसऱ्या दिवशी सोडून दिलं. कुणाला सांगायचं नाही, असं मिना म्हणाली होती का तो स्वतः, हे त्याला आता आठवत नव्हतं. ठिपके उठले तेव्हा त्यानं गोरेगावला जाऊन एसटीडीवरून फोन लावला, तर डॉक्टर म्हणाला, होतं असं, पट्टा सैल करू नका. इथल्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं मात्र ठिपके बघितल्याबरोबर विचारलं होतं, काही ऑपरेशन झालंय का? तेव्हा सांगितलं. तो म्हणाला, चरबीचे कण रक्तात शिरलेत, छातीत जाऊन अडकलेत, मेंदूत गेलेत, हे ठिपके त्याचेच. गोवर नव्हताच. काल आणलं असतंत तर निदान हातपाय हलवता आले असते.

"आन् तू झाडावर चढून मला पाला तोडून दिलास," जिवनबाई म्हणाली.

प्रेमदासनं कागदाच्या घडीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "तू सितळा म्हणालीस ना याडी, तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, चला, आपल्या करणीचं न्हाई हे. देवाचं हाय."

बरं वाटलं! बायको श्वासाला महाग झालेली आणि ह्याला बरं वाटलं. जिवनबाईनं आयुष्यात पोरावर हात टाकला नव्हता, नवरा गेल्यावर बाप नसलेलं पोर म्हणून जपलं होतं, त्या दिवशी तिनं त्या चाळिशीच्या माणसाच्या तोंडात दिली, एक नाही, दोन. तो हलला नाही. ती म्हणाली, उद्या नेमसिंगकडं चलायचं आणि तिथं हे सगळं बोलायचं, ह्याच शब्दांत. तो गयावया करायला लागला, आता पाच वर्षं झाली, उकरून काय भेटणार, पोरीला कळंल. तेवढ्यात आतल्या खोलीतून पुजा आली. ऐकत होती ती, किती वेळ कोण जाणे. तिनं बापाच्या मांडीवरचा कागद उचलला, उभ्या उभ्या डावीकडच्या फोटोकडं बघितलं, सकाळी जिथं बोट ठेवून हसली होती तिथं बघत राहिली. कागद दादीच्या हातात देऊन पुन्हा आत गेली. प्रेमदासनं उद्याच्या रजेचा अर्ज लिहायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपमध्ये मायलेक शेजारी बसले ते बांधून घातल्यासारखे. सोयाबीन निघून गेलेली उघडी रानं दोन्ही बाजूंना. जिवनबाई मनातल्या मनात नेमसिंगचा चेहरा आणत होती. त्याला कळेल. त्याच्या बायकोला कळेल, विहिरीवर कळेल, गोरेगावच्या बाजारात कळेल, जिथं जिथं तिच्या पाठीमागं कुजबुज झाली तिथं तिथं कळेल. पाच वर्षांनी कोणीतरी म्हणेल, अरे, म्हातारीचा काही गुन्हा नव्हता. हे वाक्य ती रात्रभर ऐकत होती. ते ऐकता ऐकता तिला गोड लागत होतं, आणि गोड लागतंय म्हणून स्वतःचा राग येत होता, कारण त्या वाक्याच्या तळाशी बुधवारची पहाट जागीच होती. ती कुणाला ठाऊक नाही, तिनं स्वतःला बजावलं. ठिपके गोवराचे नव्हते हे तिला कुणी सांगितलं होतं का? मग? तिनं जे केलं ते न कळता केलं. ज्याला कळत होतं तो हा शेजारी बसलाय. जीप सेनगावला थांबली तेव्हा त्यानं चहा विचारला. तिनं तोंड फिरवलं.

नेमसिंग ओट्यावर बसून दोर वळत होता. दोघांना बघून उठला नाही, या म्हणाला नाही, पण जा असंही म्हणाला नाही. प्रेमदास उभ्यानंच बोलला. अडखळत, खाली बघत, पण बोलला, हसल्यापासून दवाखान्यातल्या डॉक्टरपर्यंत सगळं, आणि जिथं गाळायला बघत होता तिथं जिवनबाईनं अडवून बोलायला लावलं. कागदही दाखवला. नेमसिंगनं तो कागद हातात धरला आणि बहिणीचं पोट आहे हे ध्यानात येताच उलटा करून मांडीखाली दाबला. त्याचं नाक फुरफुरत होतं. तो उठला तेव्हा जिवनबाईला वाटलं, आता हा प्रेमदासला धरून आपटणार, आणि तिनं मध्ये पडायचं नाही असं ठरवलं. पण तो तिच्याकडं वळला. रविवारी आपण त्या मोफत तपासणीच्या शिबिरात जाऊ, चार बायांसमोर त्या डॉक्टरला उभा करू, तुमी बोला, मी मागं उभा राहतो, असं म्हणाला. मग त्यानं दोन्ही हात जोडले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मावशी," तो म्हणाला, "त्या दिवशी माणसांत मी तुमाला नको ते बोललो. तुमचा काहीच..."

एवढ्यासाठीच ती आली होती. एक श्वास गप्प राहिली असती तर वाक्य पुरं झालं असतं आणि ते वाक्य घेऊन ती राहिलेलं आयुष्य काढू शकली असती. तिनं ते पुरं होऊ दिलं नाही.

"थांब, नेमसिंग. हात खाली घे. बुधवारी पहाटे ती शुद्धीवर व्हती. मला दवाखान्यात न्या म्हणाली. हे तसलं न्हाई म्हणाली, आन् पुढं सांगणार व्हती. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. सांगू दिलं न्हाई."

नेमसिंगचे जोडलेले हात सुटले. प्रेमदासनं मान वर केली आणि आईकडं बघितलं, पाच वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं. त्या बघण्यात तिला त्याची सुटका दिसली, ओझं अर्ध्यावर आल्याची ती हलकीशी सुटका, आणि तिच्या अंगाचा पुन्हा भडका झाला.

"तू सुटला न्हाईस," ती त्याला म्हणाली. "तुझं तुझ्यापाशी. त्यातलं कणभर मी घेणार न्हाई, आन् माझ्यातलं तुला देणार न्हाई."

नेमसिंग भिंतीला टेकून खाली बसला होता. तो बोलला तेव्हा त्याच्या आवाजात मावशी उरली नव्हती. रविवारी तिथं बायांपुढं तू काय तोंडानं बोलणार, म्हातारे, असं त्यानं विचारलं.

"ह्याच तोंडानं," जिवनबाई म्हणाली. "ह्याच्यावर कुणाचा हात न्हाई."